अगारात आगळ

बावीस वर्षं मी मुलांना एक वाक्य लिहून देत आलोय : लाल शेवाळापासून अगार मिळते. एका गुणाचं वाक्य. मागे एका पोराने उत्तरपत्रिकेत 'लाल एसटी आगारात मिळते' असं लिहिलं. मी त्याला भोपळा दिला, वर शिक्षकखोलीत ते उत्तर सगळ्यांना वाचून दाखवलं. यंदाच्या पौषात देवगडला सासुरवाडीत जे घडलं, त्यानंतर त्या पोराला शोधून अर्धा गुण द्यावा असं फार वाटतंय. त्याने निदान आगार पाहिलेलं तरी होतं.

रविवारी मेव्हणे मंडळी जेवायला यायची होती. गोडाचं म्हणून सासूबाई वाण्याकडून चायना ग्रासची पुडी मागवत होत्या. इथे मी गप्प बसायला हवं होतं. "आई, ते गवत नव्हेच," मी म्हणालो. "ते अगार. लाल शेवाळातून काढतात." आणि कोणी विचारलेलं नसताना त्यांना फॅनी हेसची गोष्ट सांगितली. 1881 साली तिचा नवरा वॉल्टर बर्लिनला रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत जिलेटिनवर जंतू वाढवत होता. उन्हाळ्यात जिलेटिन पाघळे. काही जंतू तर ते खाऊन त्याचं पाणी करत. तुझी जेली उकाड्यातही घट्ट कशी राहते, असं त्याने बायकोला विचारलं. ती म्हणाली, अगार. न्यूयॉर्कला असताना जावाहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून तिला हे कळलं होतं. पुढच्या वर्षी कॉखने क्षयाच्या जंतूवरच्या निबंधात अगारचा उल्लेख केला तो एका ओळीत, आणि फॅनीचं नाव कुठेच नाही.

"स्वयंपाकघरातलं नाव कोण छापतो?" सासूबाई म्हणाल्या. "बरं, मग पुडी नको. तुम्हीच करा."

अमावास्येची मोठी ओहोटी साधून मी पिशवी घेऊन कातळावर उतरलो. चार बायका कोयतीने कालवं काढत होत्या. त्यांतली एक बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "ह्या कित्याक जमवतास?"

"खायला."

"आमची म्हस पण ह्येका तोंड लावची नाय."

यावर हसून पुढे जाणारा माणूस शहाणा. मी तिला सांगितलं, की अ‍ॅस्परागॉप्सिस नावाचं लाल शेवाळ चाऱ्यात थोडंसं मिसळलं तर गुरांच्या ढेकरांतला मिथेन कमी होतो, कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात तो 80 टक्क्यांहून अधिक घटला. तिने दुसरीकडे पाहिलं आणि एक कालव फोडलं. त्या शिंपल्यावरून मला कॅथलीन ड्रू-बेकर आठवली आणि तीही मी सोडली नाही. लग्न केलं म्हणून मँचेस्टरच्या विद्यापीठातली नोकरी गेलेली ही बाई बिनपगारी संशोधन करत राहिली. शिंपल्यांत राहणारा एक गुलाबी जीव शास्त्रज्ञ वेगळाच समजत होते. ते नोरीच्या जातीतल्या लाल शेवाळाचंच बालपण आहे, हे तिने 1949 साली दाखवलं. त्यावर जपानची नोरीची शेती उभी राहिली. जपानी लोकांनी समुद्राकाठी तिचं स्मारक बांधलं, आणि ती जपानला कधी गेलीही नव्हती! हे सगळं सांगून मी वर पाहिलं तर चौघी पलीकडच्या कातळावर पोहोचल्या होत्या.

मला हवी होती ग्रासिलारिया, अगार देणारं लाल शेवाळ. पण लाल शेवाळ लालच दिसेल असं नाही. हिरवट, तपकिरी, जांभळं, कसंही दिसतं. हे पाठ असूनही, पाठ मोडायला लागल्यावर मी लाल दिसेल ते पिशवीत भरलं. चुकून सरगॅसमही आलं असावं. ते लालही नाही आणि त्यात अगारही नाही.

गच्चीवर पसरल्यावर त्यातून बारीक किडे चालत निघाले. बायको किंचाळली. मी म्हटलं, घाबरू नकोस, हे मध्यस्थ आहेत. लाल शेवाळाच्या नरपेशींना शेपूट नसते, पोहता येत नाही. फ्रान्समधल्या रॉस्कॉफच्या संशोधकांनी 2022 साली दाखवलं, की आयडोटिया नावाचे असलेच चिमुकले जीव त्या अंगाला चिकटवून मादीपर्यंत नेतात. फुलांवरच्या मधमाश्यांसारखे. "आपलंही असंच कोणीतरी जुळवलं," ती म्हणाली आणि झाडू आणायला गेली.

दोन दिवसांच्या उन्हात शेवाळाचा लाल रंग पार उडाला. फायकोएरिथ्रिन हे रंगद्रव्य उन्हात टिकत नाही. सासूबाईंनी एक काडी उचलून नखाने खरवडली. "रंग कच्चा निघाला हो," त्या म्हणाल्या, दुकानदाराला सुनवावं तशा.

शनिवारी कुकर चढवला. पहिल्या शिट्टीला जो वास सुटला, त्याने शेजारचं मांजर आत आलं आणि दुसऱ्या शिट्टीला तेही बाहेर गेलं. ग्रासिलारियाचं अगार मुळात मऊ. कारखान्यात शेवाळ आधी कॉस्टिक सोड्यात तापवतात, त्याने सल्फेटचे काही गट निघून जेली घट्ट होते. सासूबाईंच्या कुकरात कॉस्टिक सोडा घालण्याइतका मी विज्ञाननिष्ठ नाही. तासाभराने ते पंचातून गाळलं. पंचा गेला. खाली उतरलं ते गढूळ, पिवळट पाणी. नमुना म्हणून त्यातलं वाटीभर बाजूला काढून त्यावर ताटली ठेवली; सवय, दुसरं काय.

उरलेल्यात साखर घातली. पण पाहुण्यांपुढे हा रंग कसा ठेवणार? फडताळात कोकमाच्या आगळाची बाटली होती. अगारात आगळ! शब्दसुद्धा जुळत होते. अर्धी बाटली ओतली आणि चांगलं खळखळून उकळलं. रंग काय सुरेख आला! आगळ खारट असतं, हे कोकणच्या जावयाला कोणी सांगायला नको.

अगार साधारण 35-40 अंशांना थिजतं. माझं खोलीत थिजलं नाही, फ्रिजमध्ये थिजलं नाही, रविवारी दुपारीही थिजलं नाही. शेवटी मी ते वाट्यांत ओतून वर वेलची भुरभुरवली. मेव्हण्यांनी वाटी तोंडाला लावली, क्षणभर डोळे मिटले.

"सार जरा गोड झालंय," ते म्हणाले. "भात आहे का थोडा?"

सगळ्यांनी भातावर घेतलं. सासूबाईंनी वरून फोडणी दिली.

बुधवारी सकाळी आम्ही निघायच्या गडबडीत असताना त्यांनी फडताळामागून ती नमुन्याची वाटी काढली. मी कधीच विसरलो होतो. त्यांनी ती उपडी केली. आतलं पडलं नाही. थरथरलं, पण पडलं नाही. आंबट पाण्यात उकळलं की अगारच्या लांब साखळ्या तुटतात. या वाटीत आगळ गेलं नव्हतं, म्हणून हे थिजलं होतं. आणि त्यावर तीन ठिकाणी, कॉखलाही बरी वाटली असती अशी गोल, कापसासारखी बुरशी आली होती.

"जावईबापू, तुमचं काहीतरी उगवलंय," सासूबाई म्हणाल्या. "टाकू, की शाळेत न्यायचंय?"

मी नेतो म्हणालो.

"न्या. पण वाटी परत आणा. डझनातली आहे."