आजोळ समर कॅम्प, वसई पश्चिम

समर कॅम्प ही उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घराबाहेर ठेवण्याची अमेरिकन सोय आहे. तिचा आरंभ १८६१ साली कनेक्टिकट राज्यातल्या वॉशिंग्टन या गावी झाला असे मानतात. फ्रेडरिक गन नावाच्या शाळामास्तरांनी आपले विद्यार्थी समुद्रकाठी चालत नेले, तंबू ठोकले आणि पोरांना मासे धरायला, नाव वल्हवायला लावले. १८८५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात वायएमसीएचा कॅम्प डडली सुरू झाला. तो आजही चालू आहे. १९१० मध्ये कॅम्प चालवणाऱ्यांची संघटनाही निघाली. एक तळे, लाकडी खोल्या, रात्री शेकोटी, काउन्सिलर नावाचे कॉलेजच्या वयाचे ताई-दादा आणि घरी पाठवायची पत्रे, असा या कॅम्पचा ठरलेला साचा आहे. निवासी कॅम्पचे शुल्क बऱ्याच ठिकाणी आठवड्याला हजार डॉलरच्या पुढे जाते. अमेरिकन शाळांची उन्हाळी सुट्टी दहा आठवड्यांच्या आसपास असते. या दोन आकड्यांचा गुणाकार झाला की परदेशस्थ मराठी आईबापांना मायभूमीची ओढ लागते.

या ओढीतून वसई तालुक्यात घरोघरी समर कॅम्प चालतात. नंदाखाल, भुईगाव, निर्मळ, गास, सांडोर, पापडी या गावांत आखातात, कॅनडात, अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात कोणीच नाही असे घर शोधावे लागते. कॅम्पला फलक नसतो, माहितीपत्रक नसते, आणि वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली तरी तिचा परवानाही लागत नाही. लागते ते एक आजोळ, त्यात एक आजी आणि न्हाणीघरात गरम पाणी.

शिबिरार्थींचे तीन वर्ग पडतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची मुले डिसेंबरात येतात. त्यांना नाताळ, थंडी, गोठ्याची सजावट आणि ताजी मासळी असे सगळे मिळते, म्हणून बाकीच्या दोन वर्गांना त्यांच्याविषयी असूया वाटते. आखातातली मुले जुलै-ऑगस्टमध्ये येतात. अमेरिका-कॅनडाची मुले जूनच्या उत्तरार्धापासून उतरू लागतात. म्हणजे ज्याला तिकडे उन्हाळा म्हणतात तो सगळा इकडे छत्रीखाली काढावा लागतो.

या हंगामाचे परिणाम दूरगामी असतात. आंबे संपलेले असतात. राजेळी केळ्यांची सुकेळी कडक उन्हावाचून होत नाहीत, त्यामुळे ती नुसती डब्यातून काढून दाखवता येतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. तेव्हा ‘आमच्या वसईची ताजी मासळी’ या विषयावर वर्षभर फोनवरून झालेल्या व्याख्यानांनंतर नातवंडाच्या ताटात सुका जवळा पडतो. अर्नाळा आणि पाचूबंदर इथे बांबूच्या मांडवावर वाळलेले बोंबील मे महिन्यातच भरून ठेवलेले असतात. त्यांचा वास आला की शिबिरार्थी घरात काहीतरी मेले आहे अशी तक्रार नोंदवतो. ती तत्त्वतः बरोबर असल्याने तिच्यावर कारवाई होत नाही.

सगळ्यांत मोठी अडचण मनुष्यबळाची. ज्या मामेभावंडांच्या भरवशावर कॅम्प आखलेला असतो त्यांच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. पाहुणे पोहोचतात तेव्हा काउन्सिलर दप्तर पाठीला लावून बसथांब्यावर उभे असतात. संध्याकाळी ते परततात, पण शिकवणीला जाण्यासाठी. परदेशी मूल सुट्टीवर आणि देशी मूल चाचणी परीक्षेवर, अशा स्थितीत दोघांत फक्त रविवारी प्रेम असते.

प्रवेशाचा विधी रात्री पार पडतो, कारण दूरची विमाने बहुधा अपरात्रीच उतरतात. सहार विमानतळावरून पश्चिम द्रुतगती मार्ग, दहिसरचा नाका, वर्सोव्याच्या खाडीवरचा पूल आणि वसई फाटा असे करत गाडी पहाटे दारात लागते. लगेच शुल्क जमा होते. अमेरिकेचे शुल्क बदाम आणि चॉकलेट यांत भरतात; आखाताचे खजूर, अत्तर आणि डोकेदुखीच्या तेलाच्या बाटल्यांत. पावती मिळत नाही, पण कोणाला काय मिळाले याची नोंद आळीत पुढचा हंगाम येईपर्यंत राहते.

त्यानंतर भाषेची चाचणी. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची मिळून १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ ही संस्था झाली, आणि तिकडे गावोगावी रविवारच्या मराठी शाळा चालतात. तिथे तयार झालेला दहा वर्षांचा शिबिरार्थी दारात पाय ठेवून, पाठ केल्याप्रमाणे, “नमस्कार आजी, आपण कशा आहात?” असे विचारतो. आजी मागे वळून पाहते. ‘आपण’ म्हणावे असे कोण आले आहे, ते तिला कळत नाही. तिचे स्वतःचे बोलणे सामवेदी किंवा वाडवळी वळणाचे असते, त्यातले शिबिरार्थीला काही कळत नाही. पहिले दोन दिवस दोघे मराठीच्या दोन टोकांवर उभे राहून एकमेकांकडे हसत बघतात. तिसऱ्या दिवशी जेवणापुरती बोली तयार होते, आणि कॅम्पचा नव्वद टक्के कारभार जेवणाचाच असल्याने तेवढी पुरते.

कर्मचारीवर्ग असा. आजी संचालक. आजोबा इतिहास आणि वाहतूक. मामा साहसी क्रीडा, तेही फक्त सुट्टीच्या दिवशी. उरलेले सगळे, म्हणजे अंथरुणे, धुणे, डबे, उकळलेले पाणी, डासांची उदबत्ती, सकाळचा आणि रात्रीचा स्वयंपाक व मधल्या वेळचे खाणे, हे खाते मामीकडे असते. अमेरिकेत एवढ्या कामाला अनेक माणसे आणि परिचारिका ठेवतात. इकडे त्या सगळ्यांची एक मामी होते, आणि तिचे नाव कौतुकाच्या कोणत्याही भाषणात येत नाही. फोनवर आजी लेकीला सांगते, “मी सगळं बघते गं, तू काळजी करू नकोस.” त्या वेळी मामी मागे इस्त्री करत असते.

आहार हा अभ्यासक्रमाचा गाभा. ख्रिस्ती घरांत रविवारी फुगे आणि इंदाळ, हिंदू घरांत तांदळाची भाकरी आणि चिंबोऱ्यांचे कालवण. पावसात शेतात, ओहोळांत मिळणाऱ्या चिंबोऱ्या मासेमारी बंदीच्या काळात कॅम्पची लाज राखतात. शिबिरार्थी मात्र सकाळी दुधात भिजणाऱ्या कुरकुरीत पोह्यांची खोकी शोधत असतो. चौथ्या दिवशी मामी पास्ता करते आणि त्यात सवयीने बॉटल मसाला घालते. मूल दोन ग्लास पाणी पिऊन तिसऱ्यांदा वाढून घेते. संचालकांच्या दृष्टीने कॅम्पचे यश मोजण्याचे साधन वजनकाटा हेच असल्याने ही घटना त्याच रात्री टोरांटोला कळवली जाते.

जलक्रीडेसाठी बावखल असते. वाडीला पाणी पुरवणाऱ्या या तळ्यांत वसईच्या पिढ्यान् पिढ्या पोहायला शिकल्या. बरीच बावखले बुजवून त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी यांनी हरित वसईची चळवळ उभारली तेव्हा समर कॅम्पचा विचार त्यांच्या मनात नसणार, पण उरलेल्या वाड्या-बावखलांचा लाभ कॅम्पला होतो. परदेशी शिबिरार्थी पोहण्याच्या प्रमाणपत्रासह येतो. ते निळ्या फरशीच्या, कोमट पाण्याच्या तलावावर मिळालेले असते. बावखलाच्या काठी तो थबकतो.

“खाली काय आहे?” तो विचारतो.

“पाणी,” मामा सांगतो.

“पाण्याच्या खाली?”

“अजून पाणी.”

या उत्तराने त्याचे समाधान होत नाही. मामा कमरेला बांधायला दोन सुके नारळ पुढे करतो. शिबिरार्थी नारळांची सुरक्षा-चाचणी झाली आहे का ते विचारतो. “तुझ्या आईने केली होती,” असे सांगून मामा त्याला उचलून आत टाकतो. वर आल्यावर पोराचे पहिले वाक्य मराठीत असते, आणि रविवारच्या शाळेत ते शिकवलेले नसते.

सहली ठरलेल्या आहेत. पहिली वसईच्या किल्ल्याची. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली, हे आजोबा तटबंदीच्या सावलीत तारीखवार सांगतात. किल्ल्यात त्या वेळी लग्नाआधीची छायाचित्रे काढून घेणारी जोडपी घोळक्याने असतात, त्यामुळे मोहिमेत व्यत्यय येतो. थोरल्या नातीला किल्ला आधीच ठाऊक असतो, कारण कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या २०१६ सालच्या एका गाण्याच्या चित्रफितीत तो दिसतो. आजोबा त्या बँडमधल्या चौघांपैकी मोहिमेत कोण होता असे विचारतात. दुसरी सहल नालासोपाऱ्याची. तिथे बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडात पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली बौद्ध स्तूप सापडला. मुलांना तिथे बाहेरची पाणीपुरी सापडते. तिसरी विरारच्या जीवदानीची. तेराशेहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावर आजोबा पुढच्या वर्षीपासून ही सहल मामाकडे सोपवतात.

साहसी खेळांत विरार लोकलचा क्रमांक पहिला. विरारहून बॅकबेपर्यंत पहिली गाडी १८६७ साली धावली. तेव्हापासून या मार्गावर गाड्या वाढल्या आणि जागा कमी झाली. शिबिरार्थींना गर्दी ओसरल्यावर, सकाळी अकरानंतर नेतात. तरीही तिघांच्या बाकावर चौथा बसू शकतो, हे गणित त्यांना तिथेच प्रथम कळते. गाडी चालू असताना दार का लावत नाहीत, या प्रश्नाला सहप्रवासी एकमुखाने उत्तर देतात: वारा येतो म्हणून.

शेकोटीची व्यवस्था वीज करते. जुलैच्या रात्री ती गेली की सगळे ओटीवर जमतात. मार्शमेलोच्या जागी चुलीत भाजलेल्या फणसाच्या आठळ्या असतात. आजोबा चिंचेवरच्या हडळीची गोष्ट सांगतात, मध्येच एखादा बेडूक ओरडतो आणि टॅब्लेटची बॅटरी संपते. या शेवटच्या घटनेला मुले सर्वांत जास्त घाबरतात. अमेरिकन कॅम्पमध्ये मोबाइल पहिल्याच दिवशी काढून घेतात. इकडे तो प्रत्येक भाकरीमागे दहा मिनिटे, या दराने परत दिला जातो.

पत्रलेखनाची जागा व्हिडिओ कॉलने घेतली आहे. उन्हाळ्यात न्यूजर्सी वसईच्या साडेनऊ तास मागे असते, दुबई दीड तास. संध्याकाळी सातला आई ऑफिसात बसून विचारते, “काय केलंस आज?” शिबिरार्थी सगळ्या देशांतल्या मुलांचे उत्तर देतो: “काही नाही.” त्याच्या गुडघ्याला चिखल, हातावर डास चावल्याचे फोड आणि खिशात मामेभावाकडून जिंकलेल्या गोट्या असतात.

ऑगस्टात समारोप. प्रत्येक बॅगेला २३ किलोची मर्यादा असते आणि आजीला ती मान्य नसते. बाथरूमचा काटा आणून बॅगा तोलल्या जातात; मसाला राहतो, कपडे बाहेर निघतात. सुकेळी शेवटी हातातल्या पिशवीत शिरतात.

फलश्रुतीबाबत दोन मते आहेत. अमेरिकन कॅम्पमधून मूल स्वावलंबी होऊन येते अशी तिकडच्या पालकांची श्रद्धा आहे. वसईच्या कॅम्पमधून परतलेले मूल ताट उचलायचे विसरलेले असते आणि भरवल्याशिवाय जेवत नाही. स्वावलंबन या काळात घरातली मोठी माणसे शिकतात. आजोबांना वायफायचा पासवर्ड पाठ होतो, आजी मोबाइल सरळ धरून स्वतःचा पूर्ण चेहरा दाखवू लागते आणि मामीला बॉटल मसाल्याचा पास्ता जमतो.

कर्मचारीवर्गाला वर्षातून एकच मोठी रजा मिळते. दिवाळीच्या सुट्टीत मामी आपली मुले घेऊन आगाशीला माहेरी जाते. पोहोचल्यावर चार दिवस ती एकाही भांड्याला हात लावत नाही. तिची मुले तिथे पोटभर खातात, उशिरा उठतात आणि ओले टॉवेल पलंगावर टाकतात. तिची आई शेजाऱ्यांना सांगते, की सगळे मीच बघते. आणि आत तिची वहिनी अंथरुणे मोजत असते.