अर्ध्या बोटीचा मालक

माझी बोट आहे असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे अर्धी आहे. उरलेली अर्धी मेहुण्याची. कुठली अर्धी कोणाची हे अजून ठरलेलं नाही, पण गळती लागते ती नेहमी माझ्या अर्ध्यात.

निवृत्त झालो, फंडाचे पैसे आले आणि डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर बसून मला समुद्र दिसू लागला. बोट २६ फुटी, शिडाची, फायबरची आणि जुनी. गेटवेसमोर तासांवर बोटी भाड्याने देणाऱ्या एका कंपनीच्या ताफ्यात ती लावली. गिऱ्हाईक त्यांनी आणायचं, तांडेल-खलाशी त्यांचे. भाड्यातले ४० टक्के त्यांचे, ६० आमचे. "काका, बसल्या जागी उत्पन्न," मॅनेजर म्हणाला. बसणं तेवढं झालं.

त्या ६० मधून विमा भरायचा, वर्षाची तपासणी करून घ्यायची, इंजिनाचं तेलपाणी बघायचं. शिवाय बुडाला शिंपल्यांचे थर चिकटतात. बोट जड होते, मग ती बाहेर काढून खरवडायची आणि रंगवायची. बोटीला कायमचे मिळालेले एवढेच भाडेकरू, तेही फुकटे. पावसाळ्यात बोट ताडपत्रीखाली जमिनीवर. त्या जमिनीचंही भाडं आम्हीच भरतो.

पहिला हंगाम निम्मा सरला तरी बोट नांगरावरच डुलत होती. "काका, मार्केटिंग करा. लोक फोटो बघून बोट निवडतात," मॅनेजर म्हणाला. मी लहान होडीतून जाऊन स्वतः फोटो काढले. त्यातल्या चारांत माझा अंगठा आला आणि पाचव्यात शेजारची बोट आली. ती फारच देखणी दिसत होती, म्हणून तोच निवडला. वर मजकूर लिहिला: 'अथांग सागरात बुडणारा सूर्य, शिडात भरलेला वारा आणि तुम्ही दोघं!' सोसायटी, भिशी, माजी विद्यार्थी, सगळ्यांना पाठवला. "अहो, तुम्हाला एसटी लागते हेही लिहा," बायको म्हणाली.

आठवड्याभरात बुकिंग आलं. माझाच एक माजी विद्यार्थी! खिशात अंगठी, सोबत मुलगी, सूर्य बुडताना विचारायचं असा बेत. नेमका त्या दिवशी खलाशी आला नाही, म्हणून लाइफ जॅकेट चढवून मी दोरी धरून बसलो. मालक म्हणून नाही, खलाशी म्हणून. मालकाला बोटीवर तसं काहीच काम नसतं.

पाच वाजता निघालो. शीड छान फुगलं होतं. साडेपाचला तो सरकत सरकत माझ्याजवळ आला आणि कुजबुजला, "सर, सूर्य कुठे बुडणार?"

मी हात पुढे केला. समोर घारापुरी होती. तिच्यामागे उरणची बाजू. सूर्य आमच्या पाठीशी, ताजमहाल हॉटेलाच्या घुमटाकडे निघाला होता.

३१ वर्षं मी भूगोल शिकवला. गेटवे बंदराच्या बाजूला आहे, त्याच्यासमोरचं पाणी मुंबईच्या पूर्वेला येतं, हे नकाशात दाखवायला मी मुलांना फळ्याजवळ उभं करायचो.

"सर," तो म्हणाला, "सातवीत याच चुकीला तुम्ही मला अंगठे धरायला लावले होते."

तेवढ्यात वाराही पडला. शीड वाळत घातलेल्या धोतरासारखं लोंबू लागलं आणि बोट जागच्या जागी डुलायला लागली. पुढचं मी टाळणार होतो, पण मुलगी साक्षीदार आहे. मी कठड्यावरून वाकलो. "मास्तर, डोकं आत नको, भायेर!" तांडेल ओरडला. अंगठी मी वाकलेला असतानाच निघाली. मुलगी हो म्हणाली, पण ते अंगठीला की धक्क्यावर परत जायला, हे मी पाठमोरा असल्यामुळे मला कळलं नाही.

जाहिरात आता दुरुस्त केली आहे: 'ताजच्या घुमटामागे मावळणारा सूर्य!' फोटो मात्र अजून तोच, म्हणजे शेजारच्या बोटीचा.

भाडं सर्वांना सारखं आहे. बायकोच्या वाढदिवसाला आम्ही दोघं गेलो तेव्हा मीही पूर्ण भरलं. त्यातले ३० टक्के मला परत मिळाले, ३० मेहुण्याला गेले.