चकचकीत चाकवाल्यांना अनावृत पत्र

रा. रा. चकचकीत चाकवाले साहेब,
मु. पो. गोरेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली यांस,

स. न. वि. वि.

पत्र उघडंच लिहितोय. आपण गाडी धुता तीही उघड्यावर, भर रस्त्यात, आणि तिचं पाणी आमच्या उंबऱ्यापर्यंत येतं. तेव्हा खासगी म्हणावं असं आपल्यात काही उरलेलं नाही.

सर्वप्रथम मनःपूर्वक अभिनंदन. या भागात उन्हाळ्यात हळद शिजते, वाळते आणि पॉलिश होते. दसरा-दिवाळीला सोयाबीनची मळणी असते. पावसाळ्यात रान चपलेला चिकटून घरात येतं. वर्षभर अंगणात काही ना काही उडतच असतं. जिथं माणसाच्या पापण्यांवर धूळ बसते, तिथं आपल्या अलॉय व्हीलमध्ये बघून भांग पाडता येतो, ही साधी गोष्ट नाही. नवरदेवासाठी गाडी कुणाची मागायची, याचा निकाल हल्ली इंजिनावर लागत नाही, चाकांवर लागतो; आणि तो मान गेला हंगामभर आपल्याच गाडीला मिळाला. नवरदेव किती जणांनी पाहिला, सांगता येत नाही. चाकं सगळ्यांनी पाहिली.

फक्त पारावर बसून आपण गावाला जो दोष देता, तेवढ्यापुरतं बोलायचं आहे. ‘या गावची धूळच काळी, चाक दोन दिवस पांढरं राहत नाही,’ असं आपलं म्हणणं. जमीन काळी आहे, कबूल. काळ्या पाषाणाची झीज होऊन ती झाली, त्याला गावाचा इलाज नाही. पण गावचा चिखल चारही चाकांना सारखाच लागतो, साहेब. त्याला पुढचं-मागचं कळत नाही. मग पुढची दोन चाकं काळीठिक्कर आणि मागची दोन नुसती धुळकट, असं का? त्याचं उत्तर गावाच्या मातीत नाही, आपल्या उजव्या पायात आहे.

पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात. चाकाबरोबर बिडाची एक तबकडी फिरते आणि पाय दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी आवळतात. गाडी थांबते ती या घासण्यानं, आणि घासलं की दोघंही झिजतात. तबकडीतून लोखंडाची भुकटी निघते. पॅडमधून राळ, ग्राफाइट, धातूचे तंतू असं बरंच काही. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढं येतो, म्हणून थांबवायचं निम्म्याहून जास्त काम पुढच्याच चाकांवर पडतं. मागं बहुतेक लहान गाड्यांना ड्रम असतो. झीज तिथंही होते, पण बरीचशी आतच राहते. जुन्या ॲम्बॅसिडरला आणि पद्मिनीला चारही चाकांना ड्रमच होते. घरातली भानगड घरात राहायची, चारचौघांत बोभाटा होत नव्हता.

आता आपला पाय. हजार किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून जागेवर थांबवली, तर एका थांबण्यात सुमारे अडीच लाख ज्यूल ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. तेवढ्यात पाऊण लिटर गार पाण्याला उकळी येते. तीच गाडी ४० वरून थांबवली, तर ऊर्जा निम्मी नव्हे, पाव भरते. आपण मात्र गतिरोधक दिसला की आधी ॲक्सिलरेटर दाबता, अगदी तोंडाशी गेल्यावर कचकन ब्रेक मारता, आणि पलीकडं उतरलात की पुन्हा तेच. मध्ये म्हैस आली, बिनदिव्याची ट्रॅक्टर-ट्रॉली आली, की आणखी एकदा. त्या तापात सुटलेले लोखंडाचे कण चाकाच्या लॅकरवर बसतात, ओल मिळाली की गंजतात आणि नारिंगी ठिपके उमटतात. ते ठिपके नखानं खरवडून निघत नाहीत म्हणून आपण ‘कंपनीनं रंगच हलका दिला’ असं जाहीर केलंत. कंपनीनं पायही दिला असता, तर हीही तक्रार रास्त झाली असती.

पण खरं कौतुक आहे ते आपल्या उपायांचं.

पहिला उपाय ॲसिडचा. संडासाच्या फरशीसाठी आणलेली बाटली आपण थेट चाकावर उपडी केलीत. फेस आला, धूर निघाला, काळं गेलं, आणि जमलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि ॲल्युमिनिअम यांचं पटत नाही, हे शाळेतल्या प्रयोगात शिकवलेलं असतं. लॅकरला कुठं बारीक चीर पडलेली असेल, तर ॲसिड तिथून आत शिरतं आणि धातू खातं; नटांची चकाकी उडते, तबकडीवर गंज चढतो. आता जे पांढुरके ढग चाकावर राहिलेत, ते कोणत्याच फडक्यानं जाणार नाहीत. ते मळाचे डाग नाहीत. ती चाकाची गेलेली कातडी आहे.

दुसरा उपाय डिझेलचा. फडकं डिझेलमध्ये बुडवून चाकावर फिरवलं की लख्ख काळोखी चमक येते, आणि तासाभरात तिच्यावर गावची सगळी धूळ गोळा होऊन बसते. डिझेलनं टायरचं रबर फुगतं, खराब होतं, ही झाली किरकोळ बाब. चाकाच्या आऱ्यांमधून थेंब आत गेला आणि पॅडनं तो प्यायला, की ब्रेक घसरू लागतो. तेल प्यालेलं पॅड बदलण्याशिवाय गत्यंतर नसतं. टायरला चोळायची पॉलिशही तशीच. ती टायरच्या कडेलाच शोभते, तबकडीवर उडू द्यायची नसते. थोडक्यात, गाडी दिसते झकास, फक्त थांबत नाही. वरातीत काही बिघडत नाही म्हणा, तिथं बँडच पुढं असतो आणि तो सावकाश चालतो.

तिसरा उपाय गार पाण्याचा. हिंगोलीहून भन्नाट आलात, चाक हाताला चटका देतंय, आणि आपण पाइप सोडला. चर्र आवाज आला, वाफ निघाली. पाहणाऱ्याला वाटलं, फोडणीच दिली. तापलेल्या बिडावर एकदम गार पाणी घालणं तबकडीला मानवत नाही, आणि तापल्या चाकावर शाम्पू लावला की तो धुवायच्या आधीच वाळून डाग धरतो. अर्धा तास चहा घेतला असता, तर चाक आपोआप निवलं असतं.

आणि पाइप किती वेळ चालू होता, तेही आम्ही पाहिलं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणी भरून लातूरला प्यायचं पाणी न्यावं लागलं. हाच मराठवाडा. उन्हाळ्यात बोअर आचके देत असताना चार चाकांना नाहू घालायचं आपलं औदार्य बघून घागर घेऊन उभ्या असलेल्या आयाबायांना काय वाटलं, ते त्यांनी सांगितलं आहे. छापता येण्यासारखं नाही.

चौथा उपाय हवेचा. सर्व्हिसिंगच्या वेळी पोराला आपण म्हणालात, ‘हवा मार, भुकटी उडव.’ उडाली. निम्मी त्याच्या नाकात, उरलेली आपल्या. पूर्वी ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असायचं. युरोपीय संघानं ते २००५ पासून बंद केलं, पण आपण स्वस्तात आणलेल्या पॅडच्या खोक्यावर आत काय आहे, हे वाचायची तसदी कुणी घेतलेली नाही. ॲस्बेस्टॉस नसलं, तरी धातूची बारीक भुकटी फुफ्फुसात साठवून कुणाचं भलं होत नाही. ओल्या फडक्यानं पुसली असती, तर पोराच्या छातीत गेली नसती.

पाचवा उपाय ऑनलाइन मागवलेल्या बाटलीचा. ती आधी मुंबईच्या गोरेगावला फिरून आली, मग इथं पोहोचली. फवारली की चाकावरून जांभळे ओघळ वाहू लागतात. व्हिडिओ छान निघाला. बाटलीतला थायोग्लायकोलेट लोखंडाशी जुळतो आणि तो रंग येतो. केस कुरळे करायला पार्लरमध्ये जे लावतात, ते याच घराण्यातलं. म्हणून वासही तसाच. पाचांपैकी कामाचा उपाय हाच होता. सावलीत, निवलेल्या चाकावर मारायचा आणि वाळायच्या आत भरपूर धुवायचा. आपण तो दुपारी बारा वाजता मारलात आणि जेवायला गेलात.

आता जिकडं आपलं लक्ष जाऊन जात नाही, ती जागा. चाकाचं तोंड आरशासारखं, पण आतली बाजू? पावसाळ्यात शेतातून आलात की काळी चिकण माती रिमच्या आतल्या घडीत जाऊन बसते आणि वाळली की दगड होते. एका बाजूला ओंजळभर ढेकूळ अडकलं, की मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग थरथरू लागतं. आपण लगेच हिंगोली गाठून बॅलन्सिंगचे पैसे मोजलेत. एक काडी आणि पाच मिनिटं पुरली असती. पण आतली बाजू वरातीत दिसत नाही, हेही खरं.

बाहेरच्या जगात या भुकटीवर काय चाललंय, ते कळलं तर आपल्याला अभिमान वाटेल. आपल्याकडं १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ आलं, पण ते बघतं धुराकडं. युरोपनं २०२४ साली युरो ७ चा नियम केला आणि ब्रेकमधून सुटणाऱ्या कणांनाही पहिल्यांदाच मर्यादा घातली : साध्या आणि हायब्रिड मोटारींना किलोमीटरमागं ७ मिलिग्रॅम, निव्वळ बॅटरीच्या मोटारींना ३. बॅटरीच्या गाड्यांचं गणित कडक, कारण त्यांचा वेग बराचसा मोटरच उतरवते आणि पॅडला काम कमी पडतं. कॅलिफोर्नियानं २०१० साली कायदा करून ब्रेक पॅडमधलं तांबं कमी करायला लावलं, कारण रस्त्यावरून वाहत गेलेलं तांबं पाण्यातल्या माशांना बाधतं. आपल्या चाकाचं पाणी नालीतून ओढ्याला जातं. तिथल्या माशांनी अजून निवेदन दिलेलं नाही, एवढंच.

बरं, चाकं स्वच्छ ठेवूच नयेत असं आमचं म्हणणं नाही. बसलेली भुकटी ओल खाते आणि रंग खाते, म्हणून ती वेळेत निघालीच पाहिजे. त्याला लागतं काय? निवलेलं चाक, एक बादली पाणी, गाडी धुवायचा साधा शाम्पू, मऊ ब्रश आणि एक जुनं फडकं; मात्र हे फडकं चाकांचंच ठेवायचं. चाकाचं फडकं बॉनेटवर फिरलं, की त्यातले लोखंडाचे कण रंगावर ओरखडे काढतात. आधी पाणी मारून सुटी भुकटी वाहू द्यायची, मग ब्रश नटांच्या खोबणीत आणि आतल्या बाजूला फिरवायचा, एक चाक संपलं की दुसरं. शेवटी कोरडं पुसायचं आणि वर मेणाचा हात द्यायचा. पुढच्या वेळी भुकटी पाण्यानं सुटते. गाडी रस्त्यावर काढली, की मागंपुढं पाहून एक-दोनदा हलका ब्रेक दाबायचा, म्हणजे तबकडी कोरडी होते. दसऱ्याला चाकाला हळदकुंकू वाहिलंत, की दुसऱ्या दिवशी तेही धुवायचं. देव रागावत नाही.

आणि या सगळ्यापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे गतिरोधक लांबून दिसला की पाय उचलायचा. गाडी गिअरमध्येच मंदावते, ब्रेकला नुसता हात फिरवल्यासारखं काम उरतं. पॅड टिकतात, डिझेल वाचतं, चाक उजळ राहतं आणि म्हैसही शांतपणे पलीकडं जाते. पण यात व्हिडिओ काढण्यासारखं काही नाही, म्हणून तो आपल्या यादीत नसावा.

नव्या पॅडची जाडी साधारण दहा मिलिमीटरच्या आसपास असते; तीनवर आली की बदलायची वेळ झाली. अलॉयच्या आऱ्यांमधून बॅटरी मारली तर बहुतेक गाड्यांत ही जाडी दिसते. आपण त्या आऱ्या रोज पुसता. एकदा त्यांच्यामधून आत बघा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
आपल्या पाण्याच्या वाटेवरचा एक शेजारी

ता. क. : काल हिंगोलीहून आलात तेव्हा पुढचं डावं चाक उजव्यापेक्षा दुप्पट काळं होतं आणि जवळ गेल्यावर त्याची धग लागत होती. दोन्ही बाजूंना ब्रेक सारखा लागत असेल, तर काळोखीही सारखीच पडते. एकाच चाकाला जास्त, म्हणजे बहुधा पॅड आवळणारा कॅलिपर अडकलाय आणि पाय उचलल्यावरही पॅड तबकडीला घासतंय. ते चाक आज धुऊ नका. तसंच काळं ठेवून, सावकाश चालवत, आधी मिस्त्रीला दाखवा.