वर्षाला चोवीस पुस्तकं आणि लेकीचं पहिलं अकाउंट: घरगुती कृती

साहित्य: बारा वर्षं आठ महिन्यांची एक लेक, एक जाडजूड कादंबरी, घरात मिळून एकच बरा फोन, आणि पुस्तकात खूण म्हणून घालायला लाइट बिल.

आधी आईनं वाचनाचा संकल्प सोडावा. सोडावा म्हणजे हातावर पाणी घेऊन सोडावा. दुसऱ्या अर्थानं तो आपोआप सुटतो, त्यासाठी वेगळे कष्ट नकोत. आकडा दणदणीत असावा. मी चोवीस धरला आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिला. कादंबरी घरात होतीच. जानेवारी 2020 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, उस्मानाबादला, साहित्य संमेलन भरलं होतं, फादर दिब्रिटो अध्यक्ष होते. तिथं सगळ्यांच्या हातात पुस्तकांच्या पिशव्या बघून मीही ही कादंबरी घेतली होती. उस्मानाबादचं धाराशिव झालं, मी पान 38 वर आहे. खुणेच्या बिलाची मुदत गेली, दंड लागला, तोही भरून झाला. बिल जागचं हललं नाही.

‘आई वाचताना दिसली की मूल वाचतं,’ असं व्याख्यानात सांगतात. खरं आहे. आमची लेक बरोबर बघते, आई काय वाचते ते. आई भाकरी थापता थापता लोकांचे स्टेटस वाचते.

शेजारच्या उमरगा तालुक्यात जकेकूरवाडी नावाचं गाव आहे. त्यांनी संध्याकाळी सहाला भोंगा वाजवून दोन तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायची रीत पाडली. आमच्या गावात, सास्तूरला, भोंगा येईस्तोवर मी कुकरवर भागवायचं ठरवलं. पहिली शिट्टी झाली की सगळ्यांनी फोन खाली ठेवायचा. दुसऱ्या शिट्टीला लेक म्हणाली, “मम्मी, तू काय बघायलीस?” मी वेळ बघत होते. डाळीची.

आता अकाउंट. इन्स्टाग्रामला तेरा वर्षं पूर्ण लागतात, लेकीला चार महिने कमी. इथं आईचा धीर सुटतो. आमच्या भागात जन्मतारीख ही काही दगडावरची रेघ नव्हे. अर्ध्या गावाचे वाढदिवस 1 जूनला येतात, कारण शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी तेवढीच तारीख हाताशी ठेवलेली असायची. मग लेकीला चार महिन्यांनी मोठी केली तर काय बिघडलं? चार महिन्यांवर भागत नाही, हे बिघडलं. लेकरू एकदा तारीख फिरवायला शिकलं की थेट अठराचं होतं. खऱ्या तारखेनं तेराव्या वर्षी खातं उघडलं तर ते किशोरांचं खातं होतं: आपोआप प्रायव्हेट, तासाभरानं ‘आता पुरे’ अशी सूचना, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन गप्प. सोळाच्या आतल्या पोरानं हे नियम सैल करायचे तर आईबापाची परवानगी लागते. वय फुगवलं की हे सगळं कुंपण आपणच उपटलं. तेव्हा चार महिने थांबावं, आणि तोवर अटी-शर्ती वाचाव्यात. मी अख्ख्या वाचल्या आणि चोवीसमध्ये एक पुस्तक म्हणून मांडल्या. कुणाचा आक्षेप असेल तर त्यांनी त्या आधी वाचून दाखवाव्यात.

‘प्रायव्हेट’ या शब्दाचा आमच्या गावातला अर्थ समजून घ्यावा. 1993 च्या भूकंपानंतर गाव नव्यानं वसलं, गल्ल्या सरळ रेषेत आल्या. एका टोकाला शिंक आली की दुसऱ्या टोकाहून काढ्याची कृती येते. खातं अजून उघडलं नाही, तोच पुण्याच्या चुलत नणंदेचा फोन, “मला फॉलो करू दे म्हणावं.” अनोळखी माणसाला नकार देणं लेकीला पाच मिनिटांत शिकवता येतं. सख्ख्या-चुलत आत्याला नकार द्यायचा तर लग्नपत्रिकेच्या यादीपर्यंत परिणाम जातात. त्यामुळे मी असा नियम केला की आत्या-मावश्यांना घ्यावं, पण गणवेशातला, शाळेच्या पाटीचा आणि ‘आज घरी कुणी नाही’चा फोटो त्यांच्यासाठीही टाकू नये. आत्या तो ग्रुपवर टाकणार, हे धरून चालावं.

शेवटची पायरी फॉरवर्डची. ही लेकीला नीट शिकवावी म्हणून मी वहीत मुद्दे काढले होते. त्याच आठवड्यात, सप्टेंबरच्या अखेरीस, एक मेसेज आला: आज पहाटे मोठा धक्का, कुणी घरात झोपू नका. मी पहिली ओळ वाचली आणि अकरा ग्रुपना पाठवला.

लेकीनं पूर्ण वाचला. “मम्मी, याच्यात सन कुठंय? आणि कुणी सांगितलं ते?” नव्हतंच. भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगणं जगातल्या कुठल्याच शास्त्रज्ञाला अजून जमलेलं नाही, हे तिला शाळेत सांगितलेलं. मी एकेका ग्रुपवरून मेसेज पुसत बसले.

पण तोवर सासूबाईंनी बाज अंगणात ओढली होती. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तीन छप्पन्नला त्या इथंच होत्या. “आत्या, खोटं आहे ते, मीच चुकून पाठवलं,” मी त्यांना म्हटलं. त्या म्हणाल्या, “असू दे. तुमी झोपा जावा.” त्या काही झोपणार नव्हत्या.

लेकीनं चादर आणली, मग आतून कादंबरी आणली आणि फोनचा टॉर्च धरला. “वाच.” मी 38 पासून मोठ्यानं वाचायला लागले. सासूबाई मधूनच विचारायच्या, “ह्यो कोन म्हनलीस?” आणि मला मागची पानं चाळावी लागायची, कारण तो कोण हे मलाही आठवत नव्हतं. चार वाजून गेल्यावर त्यांचा डोळा लागला. फोनची बॅटरी तीन टक्के.

सकाळी लाइट बिल पान 61 वर होतं. कॅलेंडरवर मी तेवढा आकडा लिहिला.