हिरवं बटण आणि तांबडा रस्सा

कोल्हापुरात मटणाचा रस्सा मिळत नाही. खाणं घरपोच करणाऱ्या एका अ‍ॅपनं हे परवा जाहीर केलं आणि राजारामपुरीतल्या आमच्या कट्ट्यावर त्याचं जाहीर वाचनही झालं. 'तांबडा रस्सा' असं लिहून शोधलं, तर उत्तर आलं, 'तुमच्या भागात काही सापडलं नाही.' खाली सांत्वनाला पनीर बटर मसाला.

कारण साधं होतं. मित्राच्या घरात वहिनींनी श्रावणात 'फक्त शाकाहारी'चं बटण दाबलं होतं. श्रावण सरला, गौरी येऊन गेल्या, मंडळांचे गणपती इराणी खणीत गेले, बटण आपलं हिरवंच. असू दे. माणूस विसरतो. यंत्र मात्र विसरलेलं नाही, फक्त आपल्याला आठवतंय हे ते सांगत नाही. 'शाकाहारी फिल्टर चालू आहे, म्हणून मटणाच्या जागा झाकल्यात, उघडू का?' एवढी एक ओळ लिहायला कुणाचं काय जात होतं? खाणावळीतला वाढपीसुद्धा विचारतो, "दादा, आज सोमवार न्हवं?" आपण "आण की" म्हटलं की आणतो. कोल्हापुरात बकरंच उरलं नाही, असं तो तोंडावर ठोकून देत नाही.

यावर कट्ट्यात दोन तट पडले. एक म्हणतो, फिल्टर म्हणजे नेम. जिभेनं मागितलं म्हणून मोडायचा असेल तर धरायचा कशाला? दुसरा म्हणतो, ज्यानं स्वतःच्या बोटानं 'तांबडा' असं लिहिलं, त्याचं आत्ताचं ऐकायचं की श्रावणातलं? दोघांचंही पटण्यासारखं आहे. अ‍ॅपनं दोघांचंही न ऐकता तिसरंच काढलं. थोडं खाली सरकलं की तिथं 'व्हेज तांबडा रस्सा'.

बरं, नेम खरोखर कडक असता तरी मी गप्प बसलो असतो. पण त्याच फोनवर, तेच बटण हिरवं असताना 'अख्खा मसूर' शोधा. पहिल्याच ओळीत चिकन सिक्स्टी फाइव्ह, आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात 'जाहिरात'. म्हणजे मी मागितलेल्या मटणानं नेम बाटतो, आणि पैसे भरून आलेलं चिकन सोवळ्यात असतं! आमच्यासाठी बटण, आणि पैसेवाल्यासाठी मागचं दार. याला फिल्टर म्हणत नाहीत, याला चेकनाका म्हणतात.

आता ही अ‍ॅपं किराणा, चार्जर, चपला सगळंच आणून देतात. 2020 च्या लेबलच्या नियमांनी मांसाहारी पदार्थाला तपकिरी त्रिकोण दिला, शाकाहारीला हिरवा ठिपका होताच. उद्या एखाद्या हुशार पोरानं हेच सगळ्या मालाला लावलं तर कोल्हापुरी चप्पल कुठं बसवायची? कातडं जनावराचं, म्हणजे त्रिकोण. पण ते कमावायचं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात, म्हणजे ठिपका. त्यातून 2019 साली चपलेला जीआय मिळाला तो महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून, म्हणजे ठिपका कुणाचा आणि त्रिकोण कुणाचा यावर आधी सीमावाद निकालात काढायला हवा. तोवर श्रावणात 'कोल्हापुरी' शोधणाऱ्याच्या पायात रबरी स्लिपर, आणि ताटात? ताटात काय येणार ते मला पक्कं ठाऊक आहे. व्हेज कोल्हापुरी! गाजर, फरसबी, फ्लॉवर आणि मटार लाल तेलात बुडवून वर आमच्या गावाचं नाव लावलेली ती भाजी. शिवाजी पेठेतल्या कुठल्या आजीनं ती कधी केली, मला एकदा दाखवा. इथं अख्खा मसूर आहे, झुणका आहे, भरलं वांगं आहे, कांदा-लसूण चटणी घातली की साधी आमटीसुद्धा घाम काढते. शाकाहाराचं आम्हाला वावडं नाही. पण मुंबईपासून दिल्लीपर्यंत कुठल्याही हॉटेलात बसा, आमचं गाव म्हणजे लाल रंग आणि फ्लॉवर. आणि आता हीच भाजी कोल्हापुरात, कोल्हापूरकराला, रश्श्याच्या जागी.

एक बटण ह्या भाजीसाठी द्या. ते मी बाराही महिने दाबून ठेवीन. फक्त त्यातनं जाहिरातवालाही सुटता कामा नये.