सोंड्या भुंग्याचे सोसायटीस आभारपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी,
आमच्या वाडीत उभी राहिलेली सहकारी गृहनिर्माण संस्था, रत्नागिरी

सा. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर आपण पार्किंगकडेच्या माडांना सोल्जर कट मारून घेतलात, त्याबद्दल समस्त भुंगा परिवार ऋणी आहे. तीस-पस्तीस झावळ्यांतल्या आठ उरल्या. कापल्या देठांतून पाझरलेल्या रसाचा वास आला आणि आम्ही सहकुटुंब निघालो.

नारळ उतरवणारे जुने गडी फार कोते. ओढली की हातात येणारी सुकी झावळी तेवढी काढायचे, हिरवीला हात लावायचे नाहीत. का, तर माड महिन्याला जेमतेम एक झावळी काढतो आणि प्रत्येकीच्या बगलेत एक पोय असते. खालची पिवळी पडत चाललेलीही राहू द्यायची, कारण ती जाताजाता आपल्यातलं पालाश वरच्या कोवळ्या पानांना देऊन जाते. एवढी वाट बघायला कंत्राटदाराचं बिल थांबतंय होय?

शिवाय गाड्यांचा प्रश्न होताच. नारळाचा घोस खालच्या झावळीच्या देठावर टेकलेला असतो. तो टेकूच आपण काढलात. आता भरले घोस देठातून मोडून लोंबताहेत, नेमके आपल्या नव्या गाडीवर, अध्यक्षसाहेब.

कासरगोडच्या नारळ संशोधकांनी मात्र आमच्याशी उभा दावा मांडलाय. हिरवी झावळी कापायचीच झाली तर खोडापासून चार फूट सोडून कापा, म्हणतात. म्हणजे आमची पोरं खोडाशी पोचायच्या आत देठ वाळणार! आपण खोडालगत साफ कापलंत. आमच्या हिच्या दोन-अडीचशे अंड्यांची सोय झाली.

कंत्राटदाराचा माणूस खिळ्यांचे बूट घालून चढला, हे तर सोन्याहून पिवळं. आंब्याची जखम कडेची साल वाढून बुजते. माडाला ती सोय नाही, पडलेलं भोक जन्मभर उघडं. त्यावर डांबर फासायची दुष्ट चाल आपण पाळली नाहीत.

(गोवा सरकारने 2016 साली माडाला कायद्यातल्या झाडांतून वगळलं, तेव्हा आम्ही तिकडेच जायच्या विचारात होतो. पुढच्याच वर्षी त्याला परत झाड केलं, वर राज्यवृक्षही. सरकारचा भरवसा नाही.)

पोरं आतून खातात, त्यामुळे आपल्याला इतक्यात त्रास जाणवणार नाही. बुंध्यावर तांबूस चिकट रस आणि भोकातून चावलेला चोथा दिसला, की ती बाळसं धरताहेत असं समजावं. अडचण एवढीच, की माडाला कोंब एकच. तो गेला की झाड संपलं, आणि आम्हाला बिऱ्हाड हलवावं लागतं. तरी पुढल्या साली गेटजवळचे तरुण माड घ्यावेत. कंत्राटदार तोच असावा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला कृपाभिलाषी,
सोंड्या भुंगा
माड नं. 3, पार्किंगसमोर

ता. क. : शेंड्याला पहिलं भोक पाडायचं काम आमचे गेंड्या भुंगे करतात, त्यातून आम्ही मागाहून शिरतो. त्यांची पोरं सध्या आपल्या कंपोस्टच्या खड्ड्यात आहेत. कृपया खड्डा उपसू नये.