चौथीतल्या नातवाचे आजोबा

भाऊकाका आयकर खात्यातून निवृत्त झाले तेव्हा बिल्डिंगला वाटलं, आता ज्ञानेश्वरी काढतील. काकांनी फास्टर फेणे काढला.

पुस्तकाला कालच्या पेपरचं कव्हर, तेही शेअर बाजाराचं पान वर येईल असं. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा गुंतवणुकीचं काहीतरी वाचतोय. हॅरी पॉटर वाचायला मोठ्यांना संकोच वाटू नये म्हणून ब्लूम्सबरीनं 1998 साली त्यांच्यासाठी वेगळं, गंभीर चेहऱ्याचं कव्हर काढलं होतं, हे मी त्यांना सांगितलं. "उगाच खर्च," काका म्हणाले. "रद्दी नसते का त्यांच्याकडे?"

वाचनालयातून पुस्तकं 'नातवासाठी' येतात. हा नातू गेली सहा वर्षं चौथीत आहे. ग्रंथपालबाई सज्जन. प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' बाजूला काढून ठेवतात आणि वर काळजीनं विचारतात, "अभ्यासाचं बरं आहे ना त्याचं?"

जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला माणूस, त्यामुळे वाचताना हातात पेन्सिल लागतेच. बनेश ऊर्फ फास्टर फेणे, म्हणजेच फाफे, फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात, विद्याभवनात. पण भा. रा. भागवत त्याला कधी काश्मीरला धाडतात, कधी चीनच्या आघाडीवर. समासात काकांचं बारीक अक्षर : 'रजेचा अर्ज?' 'प्रवासखर्च कोणी केला?' आणि एका ठिकाणी, दोनदा अधोरेखित : 'घरी तार केली का?' दहाव्या वर्षी हा प्रश्न कुणाच्या बापाला पडला होता? तेव्हा आपण फाफेच्या सायकलवर डबलसीट बसलेले असतो. सत्तरीत डबलसीट तर बसायचंच असतं, शिवाय दारात उभं राहून पोराची वाटही बघायची असते. एका तिकिटात दोन खेळ. 'लहानपण आठवतं म्हणून वाचतात' असं म्हणणाऱ्यांनी ती समासातली पेन्सिल पाहिलेली नाही.

अर्थात पाठलाग सुरू झाला की पेन्सिल कानावर जाते, पाय खुर्चीवर येतात आणि चहावर जाड साय धरते. काकू कप उचलून नेतात, गरम करून आणतात, पुन्हा उचलून नेतात.

पुणेकराला फुरसुंगी म्हटलं की कचरा डेपो आठवतो. काका मध्यंतरी तिथे फ्लॅट बघायला म्हणून गेले आणि बिल्डरच्या माणसाला 'फेण्यांचं घर कुठलं?' विचारून आले. फ्लॅट काही त्यांनी पाहिला नाही.

काकांनी वयाला शोभेलसं वाचावं म्हणून मुलीनं एक पुरस्कारविजेती कादंबरी आणून दिली. दोन दिवसांनी परत आली. "ऐंशी पानं हा गृहस्थ खिडकीशी उभा आहे," काका म्हणाले. "एक्याऐंशीव्या पानावर पडदा सारतो. अहो, याला कुणीतरी सायकल घेऊन द्या!"

सध्या सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा चालू आहे, अशोक जैनांच्या अनुवादात. याचा त्रास बिल्डिंगला होतो. दुसऱ्या मजल्यावरून दुधाच्या पिशव्या नाहीशा होऊ लागल्यापासून काकांनी वॉचमनचा जबाब घेतला, जिन्यातले थेंब मोजले, सेक्रेटरींच्या मांजराकडे बराच वेळ रोखून पाहिलं.

"कोण आहे हो?" मी विचारलं.

"मला कळलंय," काका म्हणाले. "पण आत्ता नाही सांगणार. अजून दोन प्रकरणं बाकी आहेत."